हप्त्याची तारीख कोणाच्या सोयीची?

पूर्वी साप्ताहिकाची वर्गणी मनिऑर्डरने भरली जाई. वर्ष संपत आले की वर्गणी संपल्याची सूचना येई. मग घरात विचार होई. हातात पैसे असतील त्या दिवशी कोणीतरी पोस्टात जाऊन फॉर्म भरी आणि पावती देवघराच्या नव्हे, तर बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवी. उशीर झाला तर एखादा अंक चुके. पण घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने दिल्याशिवाय एक पैसाही घराबाहेर जात नसे.

आज हा क्रम उलटा झाला आहे. मोबाईलवरचे सिनेमे, मुलांच्या अभ्यासाचे अ‍ॅप, गाणी, विमा, मोटारसायकलचा हप्ता, बचत योजना या सर्वांचे पैसे खात्यातून आपोआप जातात. एकदा संमती दिली की पुन्हा कोणी विचारायला येत नाही. कष्टकऱ्याचा पगार सात तारखेला होतो, कोणाचा दहाला होतो, कोणाला आठवड्याच्या बाजारादिवशी मजुरी मिळते. पैसे मात्र पाच तारखेला कापले जातात. खाते रिकामे असले की हप्ता परत जातो आणि वर दंड बसतो. म्हणून प्रत्येक घराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ही तारीख ठरवली कोणी, आणि कोणाच्या सोयीने?

म्हसवडच्या बायांचे उत्तर

या प्रश्नाचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मिळते. माण हा दुष्काळी मुलूख. म्हसवडच्या रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला दररोज दहा रुपये शिल्लक टाकायचे होते. पावसाळ्यापूर्वी घरावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, एवढीच तिची इच्छा. बँकेने तिचे खाते उघडले नाही. एवढ्या लहान रकमेचे खाते बँकेला परवडत नव्हते. त्यातून श्रीमती चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायांना बरोबर घेऊन बायांचीच बँक काढायचे ठरविले.

रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण दिले ते असे, की बँक काढणाऱ्या सभासद बाया निरक्षर आहेत. बाया घरी परतल्या आणि त्यांनी अक्षरे गिरवायला घेतली. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही, असे त्यांनी सांगितले. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा. तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय ते करून दाखवावे, मग कोण लवकर सांगतो ते बघू, असे त्यांचे आव्हान होते. १९९७ साली परवाना मिळाला आणि म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो पुढच्या गोष्टीचा. बँक तर निघाली, पण बँकेच्या वेळेत बँकेत यायचे म्हणजे बाईची दिवसाची मजुरी बुडणार. दहा रुपये भरण्यासाठी दिवसाची कमाई कोण घालवील? तेव्हा बँकच बायांच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली. ज्या दिवशी कमाई, त्याच दिवशी भरणा. बाईच्या हातात पैसा कधी येतो ते आधी पाहायचे आणि बँकेचा दिनक्रम त्याप्रमाणे बसवायचा, अशी ही रीत आहे.

भगिनींनो, आपल्या घरातही हेच करावयाचे आहे. दारात येणारी बँक प्रत्येकाला मिळणार नाही. पण कोणते पैसे कधी जातात हे माहीत करून घेणे, जमेल तेथे तारीख बदलून घेणे आणि न जमेल तेथे आदल्या दिवशी पैसे ठेवणे, एवढे प्रत्येक घराला शक्य आहे.

आपोआप जाणारा पैसा कसा जातो?

आपोआप पैसे जाण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला यूपीआयचा ‘ऑटोपे’. तो जुलै २०२० मध्ये सुरू झाला. दुसरा डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून. तिसरा ‘नॅच’. कर्ज घेताना बँक किंवा फायनान्स कंपनी ज्या फॉर्मवर सही घेते, तो बहुधा याचाच असतो. तिन्हीकडे आपण दिलेल्या कायमच्या परवानगीला ‘मँडेट’ म्हणतात. म्हणजे, अमक्या कंपनीने माझ्या खात्यातून अमक्या रकमेपर्यंत, अमक्या तारखेपर्यंत पैसे घ्यावेत, अशी लेखी मुभा.

कार्ड आणि यूपीआयच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला काही हक्क दिले आहेत. परवानगी देताना पिन किंवा ओटीपी लागतो. पुढे दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. तिच्यात कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख असली पाहिजे. ती वाचून त्या वेळचे पैसे थांबविण्याचा किंवा परवानगीच रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे नियम पूर्णपणे लागू झाले. सुरुवातीला पिन न मागता एका वेळी २,००० रुपयांपर्यंतच रक्कम जाऊ शके. नंतर ती मर्यादा ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. डिसेंबर २०२३ मध्ये विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी ती एक लाखापर्यंत वाढविण्यात आली.

हा २४ तास आधीचा मेसेज जाहिरातीच्या गर्दीत हरवतो आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. घरातल्या शाळकरी मुलामुलींना तो वाचायला सांगावा. पैसे गेल्याचा मेसेज आणि पैसे जाणार असल्याचा मेसेज यांतला फरक मुले चटकन ओळखतात.

पैसे कोणत्या वेळी जातात, हेही ध्यानात असू द्यावे. १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेचे पैसे गर्दीची वेळ टाळून कापले जातात : सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. पहिल्या खेपेस शिल्लक नसेल तर आणखी तीन वेळा प्रयत्न होऊ शकतो. तेव्हा आज संध्याकाळी कामावरून येताना भरू, असे म्हणून भागत नाही. पैसा आदल्या रात्री खात्यात हवा. ‘नॅच’लाही सुट्टी राहिलेली नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सणासुदीलाही चालते. पूर्वी रविवारचा हप्ता सोमवारवर जाई. तो एक दिवसाचा आधार आता संपला.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

मोबाईलचा रिचार्ज हा आता प्रत्येक घराचा ठरलेला खर्च आहे. महिन्याचा म्हणून जो रिचार्ज आपण मारतो, तो पुष्कळदा २८ दिवसांचा असतो. वर्षात असे २८ दिवस तेरा वेळा बसतात. समजा रिचार्ज २०० रुपयांचा आहे. बारा महिन्यांचे २,४०० होतील असे आपण धरतो, प्रत्यक्षात २,६०० जातात. तीन महिन्यांचा म्हणून ८४ दिवसांचा घेतला, तर चार रिचार्ज मिळून ३३६ दिवसच होतात. उरलेल्या २९ दिवसांसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो.

पैशापेक्षाही वाईट म्हणजे तारीख सरकत राहते. ५ जानेवारीला रिचार्ज मारला, तर पुढचा २ फेब्रुवारीला येतो. मग २ मार्च, ३० मार्च, २७ एप्रिल, २५ मे, २२ जून. पगारापूर्वी दोन दिवस असलेली तारीख सरकत सरकत महिन्याच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत ओढाताणीच्या आठवड्यात जाऊन बसते. जूनमध्ये तर वह्या-पुस्तकांच्या खर्चाशी तिची गाठ पडते.

याविषयी ग्राहकांच्या पुष्कळ तक्रारी झाल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २७ जानेवारी २०२२ रोजी आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज ३० दिवसांचा आणि निदान एक रिचार्ज दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवला पाहिजे, असा तो आदेश आहे. दुकानदार तो आपण होऊन सांगेलच असे नाही. “दर महिन्याला त्याच तारखेचा रिचार्ज दाखवा,” असे आपणच म्हणावे. त्याचा दर आणि मिळणारे नेट इतर रिचार्जशी ताडून पाहावे. पगार सातला होत असेल, तर तो आठ-नऊ तारखेला सुरू करावा. पुढे वर्षभर तारीख हलत नाही.

मे अखेरचे वीस रुपये

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सिनेमाचे अ‍ॅप बंद पडले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण एक आपोआप जाणारी रक्कम अशी आहे, की ती न गेल्यास घर उघड्यावर पडू शकते.

मे २०१५ मध्ये केंद्र सरकारने दोन विमा योजना सुरू केल्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघातासाठी आहे. वय १८ ते ७०, वर्षाचा हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास एक लाख रुपये मिळतात. दुसरी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वय १८ ते ५०, वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख. हे दर १ जून २०२२ पासूनचे आहेत. त्यापूर्वी ते १२ आणि ३३० रुपये होते.

दोन्ही विम्यांचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातो. आता पाहा, मेअखेर आपल्या खात्यात काय असते? लग्नसराई नुकतीच झालेली, शाळा उघडायची वेळ आलेली, शेतीकाम थंडावलेले. तेवढ्यात सरकत आलेला रिचार्ज आणि मुलाने घेतलेले एखादे अ‍ॅप आधीच पैसे ओढून गेलेले. वीस रुपयेसुद्धा उरले नाहीत, तर विमा बंद पडतो. तो बंद पडल्याचे घरात कोणालाही कळत नाही. कळते ते गवंडीकामावरचा माणूस परातीवरून पडल्यावर, वारस बाई कागद घेऊन बँकेत गेल्यावर. इतकी वर्षे हप्ता गेला होता, या वर्षी गेला नव्हता, एवढेच उत्तर तिला मिळते.

जीवन ज्योती विमा पुन्हा सुरू करता येतो. पण नव्याने नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य कारणाने झालेल्या मृत्यूला संरक्षण मिळत नाही. म्हणून २० मे ही तारीख प्रत्येक घराने दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावी. त्या दिवशी नवरा-बायको दोघांच्या खात्यांत या दोन हप्त्यांपुरते ४५६ रुपये तरी आहेत की नाहीत ते पाहावे आणि जूनपर्यंत त्यांना हात लावू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक छापून हप्ता गेल्याची खात्री करावी.

आयुर्विम्याच्या पॉलिसीला सवलतीचे दिवस असतात. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला निदान ३० दिवस, मासिक हप्त्याला १५ दिवस. अटल पेन्शन योजनेचा हप्ता उशिरा गेला तर दर शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया जादा पडतो. म्हणजे ही दोन देणी थोडा दम धरतात. मे अखेरचा हप्ता धरत नाही.

हप्ता परत गेला तर

कर्जाचा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला की दोन्हीकडून फटका बसतो. आपली बँक परतीचे शुल्क लावते, त्यावर जीएसटी लागतो. कर्ज देणारी कंपनी आपला दंड वेगळा लावते. दोन-तीन दिवसांच्या उशिरासाठी एका दिवसाची मजुरी जाते. शिवाय सिबिलच्या नोंदीत उशीर चढतो आणि पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेले की तो पुढे येतो. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ याच्या कलम २५ प्रमाणे असा परत गेलेला हप्ता चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, हेही माहीत असावे.

दंडालाही सीमा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाप्रमाणे दंड हा व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळे शुल्क म्हणूनच लावावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढविता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांनाही त्याच वर्षी लागू करण्यात आला. हप्त्याची पावती पाहताना हे तपासावे.

यापेक्षा चांगला उपाय म्हणजे कर्ज घेतानाच बोलणे. सही करण्यापूर्वी विचारावे, “आमचा पगार सातला होतो. हप्ता दहाला ठेवता येईल का?” पुष्कळ ठिकाणी दोन-तीन तारखांतून एक निवडता येते, पण न विचारणाऱ्याला जी छापलेली असेल ती मिळते. नंतर बदल हवा असेल तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

ज्या पैशाची तारीख आपल्या हातात नाही, त्याच्या भरवशावर हप्ता बांधू नये. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये असोत वा रोजगार हमीची मजुरी, ती ठरल्या दिवशी येईलच असे सांगता येत नाही. ते पैसे आले की हप्त्याच्या खात्यात बाजूला ठेवावेत आणि पुढच्या महिन्याला वापरावेत.

तारखांचा एक कागद

वहीचे एक पान घ्या. त्यावर चार रकाने आखा : कोणाला, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून. घरातल्या प्रत्येकाचा मोबाईल समोर ठेवा. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. चालू असलेल्या सर्व परवानग्या तेथे दिसतात. कार्डावरच्या परवानग्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत विचारून कळतात. शेवटी पासबुक छापून आणून मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी वाचा. वर्षातून एकदाच जाणारी रक्कम तेथेच सापडते.

पान भरले की देण्यांची प्रतवारी लावा. पहिली प्रत विमा आणि पेन्शन. दुसरी कर्जाचे हप्ते. तिसरी फोन आणि मुलांचा अभ्यास. चौथी करमणूक. पहिल्या दोन प्रती एका खात्यात ठेवा, करमणुकीची ऑटोपे त्या खात्यावर ठेवू नका. करमणूक हवीच असेल तर दर महिन्याला हाताने पैसे भरून घ्यावी. ज्या महिन्यात हात आखडता असेल, त्या महिन्यात ती आपोआप बंद राहील. दुसरे खाते काढायचे असेल तर जनधन खात्याला किमान शिल्लक ठेवण्याचे बंधन नाही.

हा कागद एकट्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये असू नये. तो भिंतीवर लागावा. कामाला गेलेल्या माणसाचा फोन बंद पडला तरी घरातल्या बाईला उद्या काय जाणार ते समजले पाहिजे. आणि पिन मात्र भिंतीवर लिहू नये. या बाबतीतही म्हसवडच्या बाया पुढे गेल्या. डिजिटल व्यवहार आले तेव्हा पिन कोणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, असे म्हणून त्यांनी अंगठ्याच्या ठशाची सोय मागितली. आपला पैसा कोणाच्या हाती लागू शकतो, हे त्यांना बरोबर माहीत होते.

फुकट महिन्याचा सापळा

“पहिला महिना मोफत” किंवा “फक्त १ रुपयात” असे म्हणून पिन टाकायला लावतात, तेव्हा आपण एक रुपया देत नसतो, पुढच्या सर्व महिन्यांची परवानगी देत असतो. पिन टाकण्यापूर्वी खालची बारीक अक्षरे वाचावीत : पुढची रक्कम किती आणि कोणत्या तारखेपासून. घ्यायचेच असेल तर त्याच दिवशी कागदावर शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधीची तारीख लिहून ठेवावी. बंद करायचे ते त्या दिवशी.

मोबाईलवरून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे पैसे जाणे थांबत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. परवानगी बँकेकडे तशीच राहते. ती ऑटोपेच्या भागात जाऊन रद्द करावी लागते. सुरू करणे एका बोटाने आणि बंद करायला दहा पाने, असे जेथे असते त्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या प्रथांमध्ये धरले आहे. अशा तेरा प्रथांच्या यादीत वर्गणीचा सापळा ही एक आहे. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. बँकेची चूक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पैसे फसवणुकीने गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

हे सारे वाचून कोणाला वाटेल, हा शिकलेल्यांचा कारभार आहे. तसे वाटू देऊ नका. म्हसवडच्या ज्या बायांना निरक्षर म्हणून परत पाठविले, त्यांनी व्याजाचा हिशेब तोंडी करण्याचे आव्हान देऊन बँक मिळवली. आपल्याला तर फक्त चार रकाने भरायचे आहेत. येत्या रविवारी सगळे घरी असताना हे पान भरा आणि पहिली ओळ २० मेची लिहा.